शेऱ्याचा रकाना

संस्थेत त्यांना समोर सगळे ‘बाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘चाळणी’. पाठीमागचं नाव बाईंना ठाऊक होतं. कानावर पडलं तर त्या रागवायच्या नाहीत, उलट जरा ताठ चालायच्या. घरोघर जाऊन लोकांना तंबाखूबद्दल विचारायचं, उत्तरं फॉर्मात भरायची आणि त्या फॉर्मांच्या बेरजेवरून सरकारने कायदे करायचे, असं त्या संस्थेचं काम. फॉर्म भरणारी माणसं शेकड्याने आली आणि गेली. भरलेला फॉर्म खरा की खोटा हे ठरवणारं माणूस मात्र एकच, आणि ते म्हणजे बाई. कोणी झाडाखाली बसून, एकही दार न ठोठावता, मनानेच फॉर्म भरले असले तर बाईंना ते कागद हातात घेताच कळायचं. दिवसभर उन्हात हिंडलेल्या कागदाचे कोपरे मऊ पडतात, मध्येच पेन बदललेलं असतं, कुठेतरी चहाचा थेंब सांडलेला असतो. खोटा फॉर्म कसा नुकताच इस्त्री केल्यासारखा. अशा युक्त्या बाईंकडे खंडीभर होत्या, आणि त्या सांगताना त्यांच्या आवाजाला धार चढायची.

दरवर्षी संस्थेत नवे अभ्यासक येत. कोणी डॉक्टर, कोणी दातांचा डॉक्टर, कोणी संख्याशास्त्र शिकलेलं. लोकांच्या आरोग्यावर संशोधन कसं करायचं हे त्यांना वर्षभर शिकवलं जाई, आणि पहिल्या दिवसाचा पहिला तास बाईंचा. त्या तासाला बाई फळ्याकडे वळतसुद्धा नसत. त्या एक गोष्ट सांगत. बारा घरांची.

गोष्ट अशी. बावीस वर्षांपूर्वी पाहणीच्या कामावर एक मुलगी होती, सगळ्यांत लहान, म्हणून तिला सगळे ‘शेंडेफळ’ म्हणायचे. चुणचुणीत, बोलकी, सर्वांची लाडकी. तिने एका गल्लीतली ओळीने बारा घरं भरून आणली. बाराही फॉर्मांत एकच उत्तर. इथे तंबाखू कोणी खात नाही, कोणी ओढत नाही, घरात कोणाला ओढूही देत नाहीत. इथे बाई थांबत, चष्मा काढत आणि विचारत, “ज्या शहरात दर दुसऱ्या घरात तंबाखू आहे, तिथे ओळीने बारा घरं धुतल्या तांदळासारखी? मग मी काय केलं? उठले आणि गेले. बारा दारं ठोठावली. बाराही घरांत तंबाखू होती. तिसऱ्या घराचं दार निळं होतं, आत एक म्हातारे गृहस्थ उशीखाली पाकीट लपवत होते.” वर्ग हसे. मग बाई चष्मा पुन्हा चढवत आणि म्हणत, “कागद खोटं बोलतो, पोरांनो. पाय खोटं बोलत नाहीत.” हे वाक्य अभ्यासक वहीत लिहून घेत. एका तुकडीने तर ते कापडावर रंगवून घेऊन भेट दिलं होतं, आणि ते वर्गाच्या भिंतीवर टांगलेलं होतं.

गोष्टीत बोट ठेवायला जागा नव्हती. फक्त बाई त्या गल्लीत गेल्याच नव्हत्या.

खरं काय झालं होतं ते असं. बाईंना नुकतीच बढती मिळाली होती आणि फेरतपासणीचं काम त्यांच्याकडे आलं होतं. शेंडेफळचे बारा फॉर्म बघून त्यांना संशयाचा वास आला, हे खरं. त्या निघाल्या, हेही खरं. पण पायात नवी चप्पल होती, ऊन रणरणत होतं, आणि बसथांब्यापासून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचेतो दोन्ही टाचा सोलून निघाल्या. कोपऱ्यावर विडी-काडीचं एक दुकान होतं. दुकानापुढे बाक होतं, बाकावर सावली होती. बाई बसल्या, थंड पाण्याचा ग्लास मागितला आणि दुकानदाराला सहज विचारल्यासारखं विचारलं, की या गल्लीतली माणसं तंबाखू घेतात का. दुकानदार म्हणाला, घेतात का म्हणजे काय, या गल्लीवरच तर माझं दुकान चालतं. बाईंना हवं ते मिळालं. त्यांनी तिथेच मांडीवर पॅड ठेवून फेरतपासणीचे बारा फॉर्म भरले. नियम असा होता, की दोन फॉर्मांत फरक पडला तर तपासणाऱ्याचं उत्तर खरं धरायचं. म्हणजे सरकारी हिशेबात बाराही घरांत तंबाखू आली. जन्मभर तंबाखूच्या विरोधात काम केलेल्या बाईने पुरावा म्हणून घेतला तो तंबाखू विकणाऱ्याचा शब्द. याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

दुसऱ्या दिवशी चाळीस माणसांसमोर शेंडेफळला उभं केलं. ती रडली नाही. ती एवढंच म्हणायला गेली, “बाई, तिथे कापूस—” आणि बाई म्हणाल्या, कारणं नकोत. झालं. तिचं नाव ‘पुन्हा घेऊ नये’ या यादीत गेलं, आणि ती यादी गावातल्या सगळ्या संस्थांना जायची. पाहणी करणाऱ्यांपैकी दरवर्षी एकाला अभ्यासक म्हणून पुढे शिकायला घेत. त्या वर्षीची ती एक जागा शेंडेफळची ठरली होती. तीही गेली. चार दिवसांनी ती हातात एक कागद घेऊन आली होती. बाईंनी शिपायाकरवी सांगितलं, की त्या मीटिंगमध्ये आहेत. मीटिंग वगैरे काही नव्हती. बाई टेबलामागे बसून टाचेवरची पट्टी बदलत होत्या.

माणूस एकदा खोटं बोलला तर ते त्याला टोचतं. दरवर्षी तेच बोलला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, तर ते टोचायचं थांबतं. पहिल्या वर्षी बाईंच्या गोष्टीत दाराला रंग नव्हता. तिसऱ्या वर्षी दार निळं झालं. सातव्या वर्षी म्हातारा आला, नवव्या वर्षी त्याच्या उशीखाली पाकीट आलं. पुढेपुढे बाईंना ते निळं दार डोळ्यांपुढे स्वच्छ दिसायचं.

या वर्षी मात्र वेगळंच घडलं. आदल्या तुकडीतल्या अभ्यासकांपैकी एक तरुण डॉक्टर होती. केसांत पेन्सिल खोचलेली, चालताना कायम धावत असल्यासारखी. बाईंवर तिची भारी श्रद्धा. तिचा विषय होता, तंबाखूचा कायदा झाल्यापासून घरं कितपत बदलली. त्यासाठी तिने बावीस वर्षांपूर्वीच्याच घरांत पुन्हा पाहणी करवली होती. एका दुपारी ती बाईंच्या टेबलाशी आली ती धापा टाकतच. म्हणाली, एक गल्ली अशी सापडलीय की विश्वास बसणार नाही, तेव्हा बाराच्या बारा घरांत तंबाखू होती आणि आज एकाही घरात नाही. कायद्याने केलं हे, नुसत्या कायद्याने, त्या गल्लीत व्यसन सोडवणारं केंद्र नव्हतं की काही नव्हतं. बाईंनी गल्लीचं नाव विचारलंही नाही. ती कोणती ते त्यांना तेव्हाच कळलं होतं.

“हे तुमच्या गोष्टीतलेच बारा ना, बाई?” तिने विचारलं. “बाराही घरं तुम्ही स्वतः बघितली होती ना? मग जुना आकडा पक्का धरते.”

नाही म्हणायला बाईंना एक श्वास पुरला असता. तो त्यांनी घेतला, आणि म्हणाल्या, “हो. स्वतः.”

डॉक्टरने केसांतली पेन्सिल काढून वहीत लिहिलं, की जुने आकडे तपासनीसांनी प्रत्यक्ष भेटीने खात्री केलेले आहेत. बाईंनी ते उलटं वाचलं. इतरांचे कागद उलट्या बाजूने वाचायची सवय त्यांना होतीच.

संचालकांना ही गल्ली भलतीच आवडली. पुढच्या आठवड्यात सरकारच्या धोरण समितीचे तिघे सदस्य संस्थेत येणार होते. व्यसन सोडवणारी केंद्रं चालू ठेवायची की बंद करायची, हे त्यांना ठरवायचं होतं. कायद्यानेच काम होत असेल तर केंद्रं कशाला, असा त्यांचा कल होता, आणि इथे तर आयता पुरावा हातात आला होता. संचालक म्हणाले, बाई, नव्या तुकडीच्या पहिल्या तासाला समितीलाही बसवू, तुमच्या तोंडून बारा घरं ऐकू देत, मग डॉक्टर आजचे आकडे दाखवेल. बाई हो म्हणाल्या. ‘हो’ म्हणायची आता सवयच लागली होती. उचलली जीभ लावली टाळ्याला.

बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करत. घरातल्याच पुढच्या खोलीत त्यांचं टेबल होतं, आणि डोळ्याला भिंग लावून बसले की त्यांना भूकंपही कळला नसता. जेवताना बाईंनी सांगितलं, की समितीपुढे बारा घरं सांगायची आहेत. यजमानांनी भाकरी मोडली आणि शांतपणे विचारलं, “ती चपलेच्या दिवशीचीच ना?”

बाईंनी विचारलं, कसली चप्पल.

“तुझ्या टाचा सोलल्या होत्या बघ. मी तेल लावून दिलं. तू म्हणालीस, कोपऱ्यापर्यंतच गेले, पुढे पाऊल टाकवेना.”

बाईंचा घास हातातच राहिला. बावीस वर्षं त्यांनी ही गोष्ट या माणसासमोर सांगितली होती. मुलीच्या लग्नात व्याह्यांना सांगितली होती, जावयाला सांगितली होती, नातवंडांना झोपवताना सांगितली होती. आणि हा माणूस शेजारी बसून ऐकत आला होता. त्यांनी कसंबसं विचारलं, मग कधी बोलला का नाहीत.

“मला वाटलं, टाच बरी झाल्यावर गेली असशील,” ते म्हणाले. “तू जाणारच ना.”

शिव्या दिल्या असत्या तर बाईंनी चार ऐकवल्या असत्या. हे ऐकून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी ताट सरकवलं, भांडी घासायला घेतली आणि घासलेलीच पुन्हा घासली.

दुसऱ्या दिवशी त्या संस्थेच्या जुन्या कागदांच्या खोलीत गेल्या. नाकारलेले फॉर्म तिथे पोत्यांत भरून ठेवलेले होते. तिसऱ्या पोत्यात गठ्ठा सापडला. शेंडेफळचे बारा फॉर्म. कोपरे मऊ पडलेले. चौथ्यावर पेन बदललेलं. नवव्यावर चहाचा गोल डाग. वर्षानुवर्षं पोरांना शिकवलेली खरेपणाची एकेक खूण त्या कागदांवर होती, आणि ती तेव्हाही होती. फॉर्मच्या अगदी शेवटी शेऱ्याचा एक बारीक रकाना असायचा. तो सहसा कोणी भरत नसे आणि बाई तर वाचतही नसत. तिने तो बाराही वेळा भरला होता. पहिल्या फॉर्मवर लिहिलं होतं, ‘गाद्या भरणारे कारागीर. घरात छतापर्यंत कापूस, म्हणून काडी ओढत नाहीत. खोळीवर डाग पडतो म्हणून खातही नाहीत.’ दुसऱ्यावर ‘वरीलप्रमाणे, कापूस.’ पुढे नुसतं ‘कापूस’, ‘कापूस’, ‘कापूस’, बाराव्यापर्यंत.

गठ्ठ्याला मागे टाचणीने एक कागद लावलेला होता. बाई मीटिंगमध्ये नसताना मीटिंगमध्ये होत्या, त्या दिवशी शिपायाने घेऊन ठेवलेला. ‘ही मुलगी आमच्या घरी आली होती, आत बसून बोलली होती,’ असं लिहून खाली बारा घरांच्या सह्या आणि अंगठे होते. एका सहीशेजारी कोणीतरी कंसात ‘पाणीसुद्धा प्यायली’ असं घातलं होतं.

बाई पोत्यावरच बसल्या. त्यांना रडू आलं नाही. कोणी आत येईल आणि आपल्याला या कागदासकट बघेल, एवढीच भीती वाटली, आणि ती भीती वाटली याचीच जास्त लाज वाटली. डॉक्टरने परवा घरं करवली तेव्हा हे कळायला हवं होतं, असंही त्यांच्या मनात आलं. पण आता पाहणी टॅबवर होते, आणि टॅबमध्ये शेऱ्याचा रकानाच नाही. तो काढून टाकायची सूचना बाईंचीच होती. त्यात कामाचं काही नसतं, असं त्यांनी बैठकीत सांगितलं होतं.

त्याच खोलीत जुने कोरे फॉर्म पडलेले होते. बाईंनी बारा मोजून घेतले आणि बस पकडली.

कोपऱ्यावरचं दुकान आता राहिलं नव्हतं, तिथे चष्म्यांचं दुकान झालं होतं. बाई थांबल्या नाहीत. गल्लीत वळल्या आणि चार पावलांत कळलं. एका लांबलचक पत्र्याखाली ओळीने बारा दारं. दारांतून पिंजण्याच्या यंत्राची घरघर बाहेर येत होती, हवेत कापूस तरंगत होता, उंबऱ्यांवर साचला होता, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांना चिकटला होता. इथे येऊन कापूस दिसला नाही असं आंधळासुद्धा म्हणाला नसता, त्याच्या नाकात गेला असता. तिसरं दार निळं नव्हतं. त्याला रंगच नव्हता.

पहिल्या दारात एक म्हातारी मावशी खोळीला दोरा घालत बसली होती. बाईंनी विचारलं, हे काम किती वर्षांचं. मावशी म्हणाली, आजेसासऱ्यांपासून. बाईंनी कोपऱ्यावरच्या जुन्या दुकानदाराचं विचारलं, त्याचं दुकान म्हणे या गल्लीवर चालायचं. मावशीला हसू आवरेना. तिने सांगितलं, की गल्लीतलं कोणी त्याच्याकडून काडेपेटीसुद्धा घेत नसे. बिचारा दिवसभर माश्या मारायचा. पण दुकान चालत नाही असं स्वतःच्या तोंडाने कोण कबूल करेल? मग तिने बाईंच्या हातातल्या फॉर्मांकडे पाहिलं आणि आत बघून हाक मारली, “अगं, बाहेर ये, तुझे ते कागद आलेत बघ.”

आतून आली ती पंचेचाळिशी उलटलेली, पदर खोचलेली, हातात गादी शिवायचं दाभण. केसांवर कापूस, भुवयांवर कापूस. तिने बाईंना ओळखायला एक क्षणही घेतला नाही. बाईंना मात्र घ्यावा लागला.

“या, बाई,” ती म्हणाली. “वाट चुकलात?”

बाईंनी सांगितलं, की चुकले नाही, आजच पहिल्यांदा आले. आणि उभ्या-उभ्याच सगळं सांगून टाकलं. टाचा, बाक, पाण्याचा ग्लास, मांडीवरचं पॅड, नसलेली मीटिंग, दरवर्षीचा तास, निळं दार. सांगताना त्यांची नजर त्या दाभणावर होती, वर होतच नव्हती. शेवटी म्हणाल्या, “मला माफ कर.”

“माफीचं मी काय करू, बाई? खोळीत भरू?” शेंडेफळ म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि राग नाही हेच बाईंना सोसवेना. ती बाकड्यावर बसली आणि पुढ्यातली गादी ओढून टाके घालू लागली. मग एकेक टाक्यागणिक तिने सांगितलं. त्या सह्या गोळा केल्या तेव्हा मावशी म्हणाल्या होत्या, जाऊन आलीस की काय झालं ते सांगून जा. ती सांगायला आली, आणि दुसरीकडे कुठेच काम मिळत नव्हतं म्हणून राहिली. पुढे मावशींनी बारावी खोली रिकामी करून दिली. हात चांगला होता, टाका सरळ पडायचा. लग्न केलं नाही, तसा काही पणही केला नव्हता, राहून गेलं. मग दोरा दाताने तोडून ती म्हणाली,

“पहिली दोन वर्षं मी रोज कोपऱ्याकडे बघायचे. मला वाटायचं, चाळणी आहेत त्या, त्यांना राहवणार नाही, येतील तपासायला. मग बघायचं सोडलं.”

शेंडेफळने विचारलं, फॉर्म कोरे आहेत का. कोरे आहेत म्हटल्यावर म्हणाली, “मग घरं करा. मला आज दोन गाद्या संपवायच्यात.”

बाईंनी घरं केली. फॉर्मवरचे प्रश्न जसेच्या तसे, क्रमाने, आपल्या मनाचं एक अक्षर न घालता. घरात तंबाखू कोणी खातं का. ओढतं का. पाहुण्यांना ओढू देता का. चौथ्या घरातल्या सुनेने आत बसवून पाणी दिलं. सातव्या घरातला म्हातारा म्हणाला, की हेच प्रश्न एका पोरीने फार पूर्वी विचारले होते, तुमच्या कचेरीत कागद हरवतात वाटतं. बाई हो म्हणाल्या, हरवतात. बाराव्या दारापाशी पोहोचल्या तेव्हा ऊन उतरलं होतं आणि टाचा दुखत होत्या. साध्या दुखण्यासारख्या दुखत होत्या, काही विशेष नाही.

बारावं घर शेंडेफळचं. ती पाय धुऊन दारात येऊन बसली आणि परक्या माणसाला द्यावीत तशी उत्तरं देऊ लागली. शिक्षण, पदवी. काम, गाद्या शिवणं. जुन्या फॉर्मात आणखी एक प्रश्न असायचा, धुळीत किंवा धुरात काम केलं होतं का ते कळावं म्हणून, की आधीचं काम कोणतं आणि ते सोडण्याचं कारण काय. बाईंना तो गाळता आला असता. त्यांनी विचारला. तिने चार शब्दांत उत्तर दिलं, आणि बाईंनी ते तसंच उतरवून घेतलं. शेऱ्यात काय लिहू, असं विचारल्यावर ती म्हणाली, “कापूस. दुसरं काय.”

निघताना बाईंनी विचारलं, उद्या वर्गात येशील का. ती म्हणाली, तिथे माझं काय काम. मग पुन्हा गादीकडे वळता वळता म्हणाली, “पोरांना सांगा, शेरा वाचत जा म्हणावं.”

सकाळी बाई सगळ्यांत आधी पोहोचल्या आणि डॉक्टरची वाट पाहत जिन्यात उभ्या राहिल्या. तिला वर्गात, लोकांसमोर कळू नये, एवढी तरी समज त्यांना उरली होती. तिने सगळं ऐकलं. तिचा चेहरा आधी गोंधळला, मग उतरला. वर्षभराचं काम होतं तिचं. तिने केसांतली पेन्सिल काढली, वहीतली ती ओळ शोधली आणि आडवी रेघ मारली.

“बाई,” ती म्हणाली, “मी तुम्हाला विचारलं होतं.”

एवढंच, आणि बाईंना जन्मभर पुरेल इतकं ते झालं.

संचालकांनी मात्र बरंच समजावलं. हजारो घरांत बारा घरं म्हणजे काय, आमटीत मिठाचा खडा. समिती बसलीय, संस्थेचं नाव आहे, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची. बाईंनी सांगितलं, की मूठ उघडूनच आले आहे. तुमची ‘पुन्हा घेऊ नये’ची यादी काढा. शेंडेफळचं नाव खोडून पत्रं पाठवा, आणि त्या जागी माझं घाला. संचालक म्हणाले, बघू. ते बघणार नाहीत हे बाईंना ठाऊक होतं, म्हणून यादीतला बदल त्यांनी आपल्या हाताने करून, खाली सही करून त्यांच्या टेबलावर ठेवला.

वर्ग भरलेला होता. तीस नवे अभ्यासक, मागच्या रांगेत समितीचे तिघे, पहिल्या रांगेत डॉक्टर. भिंतीवर ते कापड, ‘पाय खोटं बोलत नाहीत’. बाई त्याखाली उभ्या राहिल्या आणि त्यांनी गोष्ट सांगायला सुरुवात केली. शेंडेफळ, बारा घरं, बारा सारखी उत्तरं. नेहमीच्या जागी त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, “मग मी काय केलं? कोपऱ्यावर जाऊन बसले.”

कोणीतरी हसलं, आणि मग हसायचं नाही हे त्याच्या लक्षात आलं. बाईंनी काही गाळलं नाही. दुकानदार सांगितला, कापूस सांगितला, सह्यांचा कागद सांगितला, आठवडाभरापूर्वीचं ‘हो, स्वतः’ सांगितलं. समितीला सांगितलं, की त्या गल्लीत कायद्याने काही केलेलं नाही, तिथे तंबाखू कधी नव्हतीच. माझ्या शब्दावर एकही केंद्र बंद करू नका. त्यांचे कान जळत होते, मान खाली जात होती, आणि दर वाक्याला ती त्या पुन्हा वर उचलत होत्या. आजवर याच जागी उभं राहून नाकाने कांदे सोलले, असं त्या म्हणाल्या, तेव्हाही कोणी हसलं नाही.

मग मागून एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, की त्या मुलीचं पुढे काय झालं. बावीस तुकड्यांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि तो सुचू नये अशीच बाईंनी ती गोष्ट घडवली होती.

बाईंनी पिशवीतून बारावा फॉर्म काढला. त्याचे कोपरे एका दिवसातच मऊ पडले होते. त्यांनी चष्मा चढवला आणि एखादा साधा फॉर्म वाचावा तसा वाचू लागल्या. वय, सत्तेचाळीस. शिक्षण, पदवी. घरात तंबाखू, नाही. काम, गाद्या शिवणं. आधीचं काम, घरोघर पाहणी. काम सोडण्याचं कारण. त्यांनी रकान्यावर बोट ठेवलं आणि उत्तर वाचलं.

“तपासायला कोणी आलं नाही.”